ठराव क्रमांक सात

देगलूरच्या वाचनालयाची इतिवृत्तं मी लिहितो,
महिना अकराशे, चहा वेगळा.
काल विषय एकच:
भाऊंनी कूलर दिला, पत्रे बदलले,
तर पाटीवर आता भाऊंचंच नाव.

सूचक डॉक्टर गुंडेवार, अनुमोदक व्यापारी संघ.
महिला मंडळानं टाळ्या विषयाआधीच वाजवल्या.
आणि गेल्या साली भाऊंच्या विरुद्धचं पत्रक
ज्यांनी रात्री माझ्याकडून झेरॉक्स करून नेलं
ते कूलरसमोरच्या खुर्च्यांवर
गार बसले होते.

मागून मठपती सिस्टर उठल्या,
गुडघा धरून. "माझं न्हाई म्हणून लिव्हा."
अध्यक्ष हसले, "एकटीचं काय लिहायचं, बाई?"
"निजामाच्या वक्ताला ही पुस्तकं
माझ्या बापानं कडब्यात दडवली,
तवा कूलर कुणी दिल्ता?"

कुणीतरी खोकलं.
कूलरमधलं पाणी संपलं असावं,
नुसता पंखा खडखडत होता.

रजिस्टरात 'सर्वानुमते' हा शब्द
मी सकाळीच लिहून ठेवला होता,
अक्षर चांगलं येतं तेव्हा.
आता तो खोडायचा तर
खाडाखोडीशेजारी सही लागते.
माझी.