पुट्टगोडुगु

यन्नमच्या पुरुषोत्तमनं हिप्परग्याहून येताना
टॉवेलात बांधून आणली अळंबी.
टॉवेल त्याच्याच लूमवरचा, काठ चुकलेला, सेकंड माल.
“वारुळावरची आहे बे, असली,” म्हणाला
आणि गाठोडं जिन्याच्या पायरीवर ठेवून
आधी फोन चार्जिंगला लावला.

रात्रीतून नवा गेम उतरवला होता त्यानं.
त्यातला हिरो मला पहिल्या मिनिटापासून आवडला नाही.
मान नाहीच त्याला, नुसते खांदे.
लोकांच्या घरात शिरतो बूट घालून,
मडकी फोडतो,
नाणी निघाली तर उचलतो, धान्य निघालं तर तुडवतो.
कुणी म्हातारा काही सांगायला लागला
की पुरुषोत्तम अंगठ्यानं त्याचं बोलणं पुढं ढकलतो
आणि हिरो म्हणतो, दर वेळी, त्याच घोगऱ्या आवाजात,
“माझ्याकडे दुसरा मार्ग नव्हता.”
“होता की,” मी म्हटलं, “डावीकडं पूल होता.”
“तिकडनं गेलं तर पॉइंट मिळत नाहीत बे.
आणि बायको मेलीय त्याची, म्हणून तसा वागतो.”
“माझ्या चुलत्याचीपण मेली.
तो काय साखर पेठेत मडकी फोडत हिंडतो?”

मग जंगल लागलं.
हिरो वाकला, लाल छत्री उपटली,
उभ्या उभ्या खाल्ली, माती न झटकता.
वरच्या कोपऱ्यातली हिरवी रेघ भरली.
पाठीत पाच गोळ्या होत्या, बुजल्या.
मग जांभळी खाल्ली. मग ठिपक्यांची.

तेवढ्यात राजव्वा आली, पुरुषोत्तमची आत्या,
हजार विड्या मोजून देऊन,
सूप काखेत, बोटांना तंबाखूचा वास.
सूप भिंतीला टेकवलं, टॉवेलाची गाठ सोडली.
आम्ही अळंबी म्हणतो, कोपऱ्यावरचा इरण्णा अणबी म्हणतो,
ती म्हणते पुट्टगोडुगु.
पुट्ट म्हणजे वारूळ, गोडुगु म्हणजे छत्री.
तिच्या भाषेत नावातच पत्ता असतो.

एकेक उचलून उलटी केली तिनं,
आजारी पोराची जीभ बघावी तशी.
“खालची मुळी कुठाय? वीतभर असते. तोडलीस?
कुठल्या वारुळावर? सगळ्या एकाच?
किती वाजता? शेजारी काय उगवलं होतं?”
पुरुषोत्तमला निम्मं आठवेना.
“चांदीचं नाणं टाकून शिजवू की,
काळं पडलं तर विषारी, असं म्हणतात.”
“म्हणणारा जिवंत आहे का अजून?” राजव्वानं विचारलं,
खरंच माहिती हवी असल्यासारखं.

मग एका छत्रीवर तिचा हात थांबला.
“ही कोण?”
कोणती नाही, कोण.
लग्नात पंगतीला बसलेल्या
दोन्हीकडच्या नसलेल्या बाईबद्दल विचारतात तसं.
मला तर ती बाकीच्यांसारखीच पांढरी दिसत होती.
“मग तेवढी टाकून दे.”
“एका गाठोड्यात आल्यात सगळ्या.”

बस्स. उठली.
नळामागच्या बाभळीखाली खुरप्यानं खड्डा केला,
सगळी पुरली, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून
वर फुटकी फरशी ठेवली, फरशीवर दगड.
हात साबणानं दोनदा धुतले, टॉवेल उकळायला टाकला.
“तीन तास हिंडलो होतो मी,” पुरुषोत्तम म्हणाला, मला, तिला नाही.

मग कडक भाकरी, शेंगाचटणी, दही.
ताटं घेऊन जिन्यातच बसलो आम्ही,
विडी घरकुलात सगळीकडं दिवे लागत होते.
फोनमध्ये हिरो तसाच उभा.
कुणी हलवलं नाही की तो नुसता श्वास घेत राहतो,
खांदे वर, खांदे खाली.
राजव्वानं भाकरी मोडता मोडता बघितलं.
“हा कोण?”
“हिरो आहे,” पुरुषोत्तम जरा हळू म्हणाला.
ती बराच वेळ बघत राहिली.
“जेवला का?”

पुरुषोत्तमनं फोन पालथा ठेवला
आणि दही वाढ म्हणाला.