उशिरा येणारी

चर्चच्या कॉयरमधून तिला काढलं ते याच कारणावरून.
"आर्डेलिया, सगळे स्वर्गात पोचले
आणि तू अजून जिन्यात,"
असं म्हणून मिसेस ग्रिग्जनी हिरवा झगा परत मागितला.
झग्याची घडी मीच घातली. मी तेव्हा अकराची.

मग आठ वर्षं हॉस्पिटलची लॉन्ड्री.
चादरी, चादरी, डॉक्टरांचे कोट,
काही डाग जन्माचेच.
वाफेच्या प्रेसवर पाय द्यायचा,
ती फुत्कारली की थांबायचं.
घाई केली की मनगट भाजतं.
डाव्या हातावर तशा तीन खुणा होत्या तिच्या.
चौथी झाली नाही.

गायची तिथेच.
आधी वाफेला बोलू द्यायची, मग स्वतः.

क्लेटस मॅबरी चादरींची गाडी चालवायचा,
आणि शनिवारी पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूच्या एका तळघरात
पियानो वाजवायचा, ज्याची वरची एक पट्टी मुकी होती.
एका सकाळी गाठोडं खांद्यावर तसंच ठेवून
तो दारात उभा राहिला.
"लयीच्या मागे राहतेस, ते मुद्दाम?"
तिने खरं सांगितलं : नाही.
"मग हे कुणाला सांगू नकोस."

पहिल्या रात्री ऐकणारे नऊ.
त्यातली एक मी, मांडीवर तिचा कोट.
कोपऱ्यात दोघांचं घोड्यांवरून भांडण.
ठेका आला. ती आली नाही.
ड्रमवाल्याने मान वर केली. क्लेटसने नाही केली.
माझ्या पोटात गोळा,
डोळ्यांसमोर हिरवा झगा.
मग आम्ही आशा सोडल्यावर
ती आली,
तापल्या इस्त्रीला ओलं बोट लावून बघावं
तशी पहिल्या शब्दाला हात लावत.
घोडेवाल्यातला एक गप्प झाला.
दुसरा बिल मागत राहिला.

चार डॉलर मिळाले. दीड टॅक्सीत गेला.
युनियनच्या कार्डाला माझ्या बुटांचे पैसे.
ती म्हणते, परत केले. नाही केले.

पुढे न्यूयॉर्कहून एक माणूस आला, कफलिंक्सवाला.
"छानच. फक्त जरा पुढे सरका,
रेडिओकडे वेळ कमी असतो."
तिने सरकून दाखवलं.
प्रत्येक शब्द वेळेवर, हजेरी लागल्यासारखा.
तो टाळ्या वाजवत होता.
तिने माइक खाली ठेवला, कोट मागितला.
घरी येताना म्हणाली, "मला मीच ऐकू येईना."

आणखी दोन वर्षं चादरी.
मग विल्मिंग्टन, चेस्टर, फिलाडेल्फिया,
बसची मागची सीट, अनोळखी बाईच्या घरी अंथरूण,
कारण हॉटेलात खोली "आत्ताच गेली" असायची.
मग एका क्लबने महिन्याचा पगार ठरवला, लेखी.
लॉन्ड्री सोडली त्या दिवशी
कुणी सांगितलं नसताना एक चादर जास्त दाबून आली.
वेडी.

आता तिच्या रेकॉर्डवर लिहितात,
हिचं थांबणं ऐका.
मिसेस ग्रिग्ज गेल्या. त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

मी अजून कॉयरमध्येच आहे. दुसरी रांग, तोच हिरवा रंग.
मी वेळेवर येते.
गेल्या रविवारी आमेनच्या आधी
एकदा थांबून पाहिलं.
थांबणं जमलं.
येणं जमलं नाही.