चारशे एक्कावन्न

मे महिन्यात दुपारी सव्वातीनला
सावदा झोपलेलं असतं.
जागे फक्त शीतगृहाचा कॉम्प्रेसर
आणि माझ्या टेबलाखालचा सर्व्हर.
रांगेत सतरा पत्रं. सगळ्यात वरचं
केळीच्या कंटेनरच्या कागदांचं,
बंदरावरच्या दलालाकडे निघालेलं,
दारातनं अकरा वेळा परतलेलं.

लॉगमध्ये एकच ओळ, अकरा वेळा:
४५१. आत्ता नाही, थोड्या वेळानं या.

बोंडेशेठ म्हणतात, "नाही म्हने ना तो?
मंग दुसरं लिव्ह, दुसरं धाड."
उज्ज्वलाताईंनी तेच पत्र तीनदा धाडलंय,
शेवटच्यात विषयाच्या जागी नुसतं 'अहो'.

शेठ, आकडा पाचानं सुरू झाला असता
तर मीही हात टेकले असते.
पत्ता चुकला, माणूस गेला,
दार विटा लावून बुजवलं.
पण हा चारानं सुरू होतो.
हे आउटर आहे, शेठ.
तुम्ही कॉलेजला जात होता ना पॅसेंजरनं,
तापीचा पूल ओलांडून गाडी उभी राहायची,
समोर भुसावळ दिसायचं, सिग्नल लाल.
कोणी उतरून घरी गेलं का तेव्हा,
भुसावळ रद्द झालं म्हणून?

शेठ हसले. मग घड्याळ पाहिलं.

तिकडचा दरवान अनोळख्याला
पहिल्या खेपेला मुद्दाम परत लावतो.
टिपून ठेवतो: कुठून आला, कोणी धाडला, कोणाकडे.
कचरा वाटणारे पुन्हा फिरकत नाहीत,
त्यांना रातोरात लाख दारं करायची असतात.
जो परत येतो, त्याला आत घ्यायचं.
एवढंच.

पण आम्ही तर अकरा वेळा गेलो होतो.

सिराज तडवी केबलचं भेंडोळं खांद्यावर घेऊन आला,
लॉग वर-खाली केला, म्हणाला,
"ताई, निरोप नका वाचू. तोंड पाहा."
अकरा खेपा. अकरा वेगळे क्रमांक.

फैजपूर रस्त्यावर जेसीबीनं केबल तोडली
तेव्हा पत्रांची वाट त्यानंच
पत्र्याखालच्या सिमवाल्या राउटरवर वळवली होती.
पंचेचाळीस अंशांत तो राउटर
तापून बंद पडतो, आपोआप उठतो,
आणि उठताना दर वेळी नवा पत्ता घेऊन उठतो.
दरवानासमोर अकरा परके,
प्रत्येक जण पहिल्यांदाच आलेला.

केबल जोडून दहा दिवस झाले होते.
पत्रांना कोणी सांगितलंच नव्हतं.

वाट बदलायला दोन ओळी लागल्या.
मग मी रांग हलवली,
आणि पुन्हा ४५१.
उज्ज्वलाताईंनी कपाळाला हात लावला.
सिराज मात्र खूश. हा नकार
आमच्या खऱ्या तोंडावर मिळालेला पहिला नकार.

आता पंधरा मिनिटं काहीच करायचं नव्हतं.
हेच अवघड. शेठ दोनदा उठले,
"आजून एक डाव दाब ना ते बटन."
मी कीबोर्ड मांडीवर उपडा ठेवला.
बाहेर घड मोजणाऱ्यांचा आवाज येत होता,
बावीस, तेवीस, मग कोणीतरी चुकलं,
पुन्हा एकपासून.

चारला पाच कमी असताना
ओळ बदलली. २५०. घेतलं.
मागची सोळाही गेली, धक्काबुक्की न करता.

साडेचारला दलालाचं उत्तर:
'कागद मिळाले. तिन्ही वेळा.
अहो, काय?'