काथ्याकूट

डायरी पतपेढीची, फुकटची, दोन वर्षांपूर्वीची.
वार चुकीचे, पानं कोरी होती.
आता त्यात अठरा रिसॉर्टं, तीन लॉज, एक दातांचा डॉक्टर,
आणि बहुतेकांच्या पुढे माझ्या अक्षरात:
बघू म्हणाले.

मान वर न करता म्हटलेला बघू म्हणजे जा.
चहा मागवून म्हटलेला म्हणजे
पुन्हा ये, गप्पा मार, ऑर्डरचं काढू नकोस.
‘सायबांका इचारून सांगतंय’ म्हणजे
साहेब आतच आहेत, पंख्याखाली.
उरलेले सगळे कॅलेंडर पुढे ढकलतात:
गणपती होऊंदे.
मग दिवाळी. मग जत्रा.
मग सीझन चालू आसा, आता नको.
मग सीझन संपलो, आता कित्याक?

रिकाम्या बोलण्याला लोक काथ्याकूट म्हणतात.
त्यांनी तो कधी कुटला नसावा.
सोडणं खाडीकाठी खड्ड्यात पुरायची,
वर चिरे ठेवायचे,
आठ-नऊ महिने त्यांचं नाव काढायचं नाही.
वास सुटतो. शेजारी बोलतात.
मग एक दिवस अंगठ्याने दाबून बघावं
तर धागा सालीपासून सुटून येतो,
न भांडता.

वाट बघणं मला येत होतं.
फोन करणं येत नव्हतं.

सकाळी ते बाजारात, दुपारी झोपलेले,
संध्याकाळी त्यांचे पाहुणे.
योग्य वेळ शोधता शोधता
भरती येऊन ओसरून जायची.
लागलाच फोन, तर माझंच तोंड म्हणायचं,
‘नाही, सहजच केला होता.’
सहज काय होतं त्यात?
शनिवारी आवडाला आणि मॅगीला पगार द्यायचा होता.

शेवटी स्कूटरला सहा पायपुसणी बांधली
आणि भोगव्याला गेले, गिरपांकडे.
दारात माझंच सॅम्पल.
मार्चमध्ये दिलेलं, एक कोपरा झिजलेला,
विणीत किनाऱ्याची अर्धी वाळू,
आणि वर त्यांचा कुत्रा गाढ झोपलेला.
त्याला न उठवता उरलेल्या जागेवर
मी माझ्याच मालाला पाय पुसले
आणि आत गेले.

‘होय होय,’ गिरप म्हणाले, ‘सॅम्पल बघूचा रवला.’
मी दाराकडे पाहिलं.
त्यांनीही पाहिलं.
कुत्र्याने कूस बदलली.
‘किती दिवस टिकता ह्यां?’
‘तुम्हीच सांगा. मार्चपासून तुमच्याकडे आहे.’
ते हसले. पोट हलेपर्यंत हसले.
ऑर्डर दिली नाही. दर विचारला.
डायरीत मी ‘दर विचारला’ लिहिलं
आणि खाली दोन रेघा ओढल्या.

परतताना वेंगुर्ल्यात डायसबाई.
त्यांनी मला बसूही दिलं नाही.
‘नको गो बाय. आमची फरशी सदां ओली,
काथ्या कुसता.’
इतकंच. नको.
पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी
मला पूर्ण शब्द दिला होता.
त्यांना मिठी मारावीशी वाटली, मारली नाही.
घरी येऊन पट्टी घेतली,
आणि त्यांचं नाव सरळ, नीट, आदराने खोडलं.

रात्री भाकरी तव्यावर असताना फोन वाजला.
कोल्हापूरचा रबरवाला,
पायपुसण्याच्या पाठीला लावतात त्या रबराचा.
‘मॅडम, कोटेशन पाठवलं होतं, बघितलंत का?
नाही, सहजच केला.’

माझ्या तोंडात ब तयार होता.
त्याच्या मागे कुठेतरी मशीन चालू होतं,
किंवा पोर रडत होतं, नीट कळलं नाही.
भाकरीला करपल्याचा वास येऊ लागला.

‘गुरुवारी अकराला करा,’ मी म्हटलं,
‘तोवर हिशेब मांडते.
होय की नाही, ते सांगेन.’
पलीकडे तो जरा वेळ काहीच बोलला नाही.
मग म्हणाला, ‘अकरा. लिहून घेतो.’