तिकीट क्रमांक ४४१७

रात्रपाळी. नांदेड, बँकेच्या वरचा मजला.
पंखा एका बाजूनं घासतो.
हेडफोनच्या स्पंजाला आधीच्या पोरीच्या
केसांच्या तेलाचा वास.

जिंतूरहून सोनकांबळे सर:
"ताई, साइट उघडंना झालीय.
पांढरं फटक पान यायलंय नुसतं.
लाईट गेली का तिकडं?"

लाईट त्यांच्याकडंच गेलेली.
मागं कुणीतरी काडेपेटी शोधतंय, ऐकू येतं.
सर्व्हर जर्मनीत, तिथं काय, झगझगीत.

पासवर्ड सांगू नका, सर.
ते सांगतातच,
फळ्यावर लिहावं तसं एकेक अक्षर:
बायकोचं नाव, पुढं एक साल.
कसलं साल, मी विचारत नाही.

एक प्लगिन अडकलेलं.
फोल्डरचं नाव बदललं, आणि पान उघडलं:
तालुक्यातल्या बारवा, सदतीस,
प्रत्येकीच्या पायऱ्या मोजलेल्या,
बुजलेल्यांच्यासुद्धा.

"आली, आली!" सर ओरडले.
लाईट की साइट, कळलं नाही.
फोन मात्र बराच वेळ ठेवला नाही त्यांनी.

अडचण सुटली का?
या चौकटीत टिचकी मारून
पुढचं तिकीट घ्यायचं असतं.
तीन जण रांगेत होते.
मी सहाव्या बारवेच्या
चौदाव्या पायरीवर.