बेचाळिसावी जागा

बाबा क्लाइडच्या काठी जहाजांचा गंज खरवडायचे.
आई दारातच बूट काढायला लावायची,
तरी टबात तांबूस रेघ राहायचीच.
गंज म्हणजे वैरी, एवढं गोव्हनमध्ये
न शिकवता कळायचं.

आज त्याच नदीपासून दोन थांब्यांवर
मी उंदराची धमनी कापते.
दोन मिलिमीटरचं कडं,
केसाहून बारीक दोन तारांवर ओवायचं.
त्या दिवशी कॉफी घ्यायची नाही, हात हलतो.
कडं आवळतं. पडद्यावरची रेषा चढते
आणि वरच बसून राहते.

मग एक थेंब हायड्रोजन पेरॉक्साइड.
हो, तेच. मोराग मावशी त्यानं केस पिवळे करायची.

प्रथिनाच्या दोन साखळ्या शेजारी शेजारी,
दोघींच्या बेचाळिसाव्या जागी
गंधकाचा एकेक अणू.
थेंब पोचतो
आणि गंधक गंधकाला धरतो.
तेवढ्यानं कायनेज जागं होतं,
स्नायूला म्हणतं, सोड आता.
रेषा उतरते.
गंज चढला म्हणून वाट मोकळी झाली,
हे मला अजूनही पटकन गिळवत नाही.

दुसऱ्या पिंजऱ्यातल्या उंदरांना तो गंधक नाही,
तिथे आम्ही ऑक्सिजन बसवलाय.
एका अणूचा फरक. दिसायला तसेच, तितकेच चावरे.
पण थेंब पडला तरी त्यांची धमनी ढिम्म,
आणि रक्तदाब चढलेला, झोपेतसुद्धा.

आणि हृदयात आणखी एक कायनेज आहे,
त्याला हाच थेंब जास्त झाला
तर ते मिटायचं विसरतं. ठोका अडखळतो.
बाबांचा अडखळतो तसा.

रविवारी वॉर्डात त्यांनी विचारलं,
"म्हणजे तू गंज काढतेस की चढवतेस?"
"किती, ते मोजते."
उशाशी कर्स्टीनं आणून ठेवलेल्या गोळ्या,
डबीवर सोनेरी अक्षरांत: गंजरोधक, पेशींसाठी.
बाबांनी डबी हलवून पाहिली,
खुळखुळा वाजवावा तशी.

"फोरमन म्हणायचा, चकाकेपर्यंत घासा," ते म्हणाले,
"नवखी पोरं घासायची.
पत्रा पातळ व्हायचा,
आणि पाणी तिथूनच आत यायचं."

मॉनिटरवर त्यांची रेषा
चढली, चुकली,
पुन्हा चढली.
डबी मी पिशवीत टाकली. कर्स्टीला काय सांगायचं
ते बसमध्ये ठरवू.