माया

अकराशे अंगरखे, चाळीस दिवसांत.
रास अल खैमाच्या नखील बाजारात
आमच्या दुकानाला एवढी ऑर्डर कधी आली नव्हती.
रमजान मास्तर सियालकोटचे, कातर त्यांची.
मी बार्शीचा, मशीन माझं.
खलफान मालक, त्याची नुसती पाटी.

सिनेमा मोठा होता.
म्हणजे उंट पुष्कळ, तंबू पुष्कळ,
जझीरा अल हमराच्या ओसाड गावाबाहेर
किल्ल्याचा दरवाजा प्लायवुडचा, पण तीन मजली.
राजाचे झगे सात, एकाच मापाचे:
एक धुळीचा, एक रक्ताचा,
एक घोड्यावरून पडणाऱ्या बदली माणसाचा,
एक म्हातारपणाचा.

कपडेपटाच्या रीमाबाईंना मी विचारलं,
तीस वर्षं राज्य करतो ना हा?
दोन मुलगे पुरतो, एक शहर जाळतो,
आणि खांदा तेवढाच? कंबर तेवढीच?
त्या म्हणाल्या, दाढी पांढरी करणार आहेत.

आमच्याकडे कापताना शिवणीत माया सोडतात.
बोटभर जास्तीचं कापड, आत दुमडलेलं.
पोरगं वाढतं, बाई बाळंतीण होते,
माणूस दुखण्यातून उठतो,
तेव्हा टाका उसवायचा आणि तेवढं बाहेर काढायचं.
मास्तर खडू कानामागे खोचत म्हणाले,
राजाला कशाला माया?
लिहिणाऱ्यानंच सोडलेली नाही.

शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेव्हा तो आला.
हातिम, मोरोक्कोचा, किडकिडीत.
पखालवाल्याचं काम, सगळं मिळून चार मिनिटांचं.
म्हणाला, हा माणूस खोटं बोलताना कफ चावतो.
म्हणून सदरे तीन हवेत.
पहिल्याचा कफ शाबूत.
दुसऱ्याचे दोरे लोंबलेले.
तिसरा त्यानं स्वतःच शिवलेला,
मिळेल त्या रंगाच्या दोऱ्यानं, वेडेवाकडे टाके.
तुमचे टाके नकोत, म्हणाला. त्याचे हवेत.
चाळीस वर्षांचा हात असलेले मास्तर
दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.
तिसऱ्या रात्री डाव्या हातानं शिवायला बसले.

मॉलमधल्या थिएटरात, शुक्रवारी, आम्ही सगळे एका रांगेत.
अकराशे अंगरखे एका धुरळ्यात गेले.
मी मोजले, अकरा सेकंद.
शहर जळलं. राजा बोलला.
मुलगा गेला. राजा बोलला,
त्याच आवाजात, त्याच उंचीवरून.
इस्त्रीवाल्या बिजूनं मोबाइल काढला.
मास्तर घोरू लागले.

मग शिपाई पखालवाल्याला विचारतात,
धाकटा कुठं लपलाय?
त्याचा हात तोंडाशी गेला.
कफ ओठाला लागला.
त्यानं टाक्यांकडे पाहिलं,
काळ्या सदऱ्यावरच्या हिरव्या टाक्यांकडे,
आणि हात खाली घेतला.
माहीत आहे, म्हणाला. सांगणार नाही.
मास्तर कधी जागे झाले कळलं नाही.
खुर्चीच्या कडेला आले होते.
माझा डावा हात, ते कुजबुजले,
आणि लगेच पुन्हा उंट सुरू झाले.

दुसऱ्या आठवड्यात सिनेमा उतरला.
मालक म्हणाला, लढाई कमी पडली.
कपडे पोत्यांत भरून परत आले, चिंध्यांच्या भावानं.
वाळू झटकताना पहिला सदरा सापडला, शाबूत कफाचा.
आतल्या बाजूला दातांच्या खुणा होत्या.
त्या आम्ही पाडल्या नव्हत्या,
पडद्यावरही कुणाला दिसल्या नसतील.

घरून दर दिवाळीला शर्ट येतो.
रत्नप्रभेकडे माझं माप एकोणीस वर्षांपूर्वीचं,
वहीच्या शेवटच्या पानावर.
यंदाचा खांद्यात अडकला,
गुंडी पोटावर येईना.
फोनवर म्हणालो, अगदी बरोबर बसलाय.
ती थोडा वेळ गप्प राहिली.
मागे कुकरची शिट्टी झाली.
मग म्हणाली, बगलेत उसवून बघा.
दोन बोटं सोडलीय.